न आवरलेला हात

घाटघरच्या गोजरबाईचा डावा हात तिचं ऐकेनासा झाला, तो भाताची झोडणी उरकल्यानंतर.

त्या सकाळी ती खळ्यावर पेंढा रचत होती. वर जीवधन किल्ल्याच्या कड्याला ऊन लागलं होतं आणि खाली खाचरांत धुकं अजून झोपलेलं होतं. तिला वाटलं, ते धुकं उठून बांधाबांधाने आपल्याकडे चालत येतंय. "आलं बाई," असं काहीतरी ती म्हणाली आणि पेंढ्यावरच कलंडली. सून रुपाली हातातलं सूप टाकून धावली. नवरा कुशाबा गोठ्यातून आला. गावातल्या जीपमध्ये घालून तिला जुन्नरला नेलं. मेंदूत उजवीकडे रक्ताची बारीकशी गुठळी अडकली होती. वेळेत आणलंत, म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले.

वाचा गेली नाही. पायही थोड्या दिवसांत पहिल्यासारखे पडू लागले. डावा हात तेवढा निजलेल्या मांजरासारखा मांडीत पडून राहायचा. गोजरबाई त्याला उजव्या हाताने उचलायची, तेल लावायची, पुन्हा मांडीत ठेवायची.

मग एका सकाळी तो उठला.

रुपाली चुलीपुढे भाकरी थापत होती आणि गोजरबाई भिंतीला टेकून शेकत बसली होती. ओलं लाकूड होतं, त्यामुळे घरभर धूर झाला होता.

"आत्या, कुणाला हात करताय?" रुपालीने विचारलं.

"म्या? कुणाला न्हाई."

"मग त्यो कशापायी वर केलाय?"

गोजरबाईने मान वळवून पाहिलं. तिच्या खांद्याच्या वर, धुरात, एक हात तरंगत होता. बोटं जराशी उघडी होती. ओढ्याच्या पाण्यात शेवाळ हलावं तसा तो हलत होता, घाई नाही, कुठे पोचायचं नाही. तिला तो आपला वाटलाच नाही. पण मनगटात तिच्याच हिरव्या बांगड्या होत्या.

तिने उजव्या हाताने त्याला खाली ओढलं. जरा वेळाने तो पुन्हा वर निघाला.

त्यानंतर रोजच तसं व्हायला लागलं. डोळे उघडे असले की तिला तो दिसायचा. डोळे मिटले की कुठे आहे तेच कळायचं नाही. दुपारी ती ओसरीवर आडवी व्हायची, तेव्हा डोळ्यांवर झापड येता येता वाटायचं, हात निघालाय. पायवाटेने खाली, चावंडकडच्या वळणावरून, तिच्या माहेराच्या विहिरीपर्यंत. तिथे तो पोहरा सोडायचा. आई त्याला म्हणायची, आलास का, बस. जागी झाली की हात डोक्याच्या वर कुठेतरी असायचा, आणि तिला खरंच वाटायचं की तो आत्ताच परत आलाय, थोडा ओला असेल.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगायला शब्दही नव्हते.

तरंगण्याचं एक वेळ चाललं असतं. पण हाताला धरायची सवय लागली. जे बोटांना लागेल ते तो धरायचा आणि सोडायचा नाही. एकदा शेळीचा कान धरला, तर शेळी ओरडून ओरडून दमली. एकदा रुपालीचा पदर धरला आणि ती पाण्याला निघाली तशी सासूही तिच्यामागे अर्ध्या वाटेपर्यंत गेली. दोघी हसल्या. हसून झाल्यावर रुपाली म्हणाली, "आत्या, ह्याचं काहीतरी करायला पायजे."

तपासणीसाठी जुन्नरला जायचं होतं. एसटी जुन्नरच्या स्टँडवर लागली, सगळी माणसं उतरली. गोजरबाई दारापाशी आली आणि थांबली. डाव्या हाताने दाराजवळचा दांडा धरला होता.

"मावशी, उतरा की," कंडक्टर खालून म्हणाला. "गाडी लावायचीये."

"मी उतरते ओ. पर ह्यो उतरत न्हाई."

"कोन?"

"ह्यो," तिने उजव्या हाताने डावा दाखवला.

कंडक्टरला काही कळेना. त्याच्या मागे उभ्या दोन पोरी हसल्या. कुशाबा पुन्हा वर चढला आणि एकेक बोट सोडवू लागला. करंगळी सोडवली की अंगठा पुन्हा घट्ट व्हायचा. कपाळावरचा घाम पुसत तो कंडक्टरला म्हणाला, "वांड झालाय, राव. ऐकत न्हाई."

कुशाबाने जन्मभर बैल राखले होते. जू मानेवर घेताना अंग झाडणाऱ्या, रान दिसलं की उधळणाऱ्या खोंडाला तो वांड म्हणायचा. त्या शब्दात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. पण तो शब्द एकदा तोंडातून निघाला की मागोमाग दावंही यायचं. वांड जनावराला बांधायचं, गळ्यात लोढणं घालायचं, हेच त्याला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी त्याने जुन्या लुगड्याची एक मऊ पट्टी फाडली आणि बायकोचं मनगट कमरेशी बांधलं. फार जपून बांधलं. दोन बोटं आत जातायत का ते पाहिलं. "लागत न्हाई ना?" असं तीनदा विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

हात बांधलेला असताना घरातली कामं सोपी झाली. भांडी पडेनात, शेळ्या ओरडेनात. पण गोजरबाईला दिवसभर कमरेपाशी एक ओढ जाणवायची. गाठीच्या आत हात उठायचा प्रयत्न करत असायचा. जोरात नाही, हळूच. झोपेतलं मूल कूस बदलू बघतं तसा.

एका दुपारी ती अंगणात बसली होती. कुशाबा वाळत घातलेल्या हिरड्यातला पालापाचोळा निवडत होता. गोठ्याच्या खुंट्याला वासरू बांधलेलं होतं. ते दाव्याच्या टोकापर्यंत जायचं, मान ताणून उभं राहायचं, मागे यायचं, पुन्हा जायचं. गोजरबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"अवं," ती म्हणाली, "सोडा मला."

तिला 'त्याला' म्हणायचं होतं. हाताला म्हणायचं होतं, का वासराला, तेही तिला नीट माहीत नव्हतं. पण तोंडातून 'मला' आलं.

कुशाबाचा हात हिरड्यातच थांबला. तो उठून आला. ओढून ओढून गाठ इतकी बसली होती की त्याला ती दातांनी सोडवावी लागली. मनगटावर पट्टीचे वळ उठले होते. तो ते मनगट हातात घेऊन पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "वांड न्हाई म्हनायचं आता त्याला."

"मग काय म्हनायचं?"

कुशाबाने विचार केला. मोकाट म्हणावं, तर तो कुठे कुणाच्या शेतात शिरत नव्हता. द्वाड म्हणावं, तर त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्याच्याकडे होते ते सगळे शब्द जनावरांचे आणि पोरांचे होते. "बघू," तो म्हणाला आणि पट्टी चुलीत टाकून आला.

पौषात त्याची बहीण सोनीबाई आली. तिला शिनोलीला दिली होती. शिनोली म्हणजे घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला. तिथून घाटघरला यायचं तर दिवस मोडायचा, म्हणून ती आली की आठवडाभर राहायची. सोनीबाई मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. भावजयीला पाहून ती आधी रडली आणि मग लगेच कामाला लागली.

संध्याकाळी देवळात आरती होती. गोजरबाई मागे बायकांत उभी होती. घंटा वाजू लागली, कापूर पेटला, आणि हात उठला. सावकाश, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, तळवा समोर करून. कापराच्या उजेडात तो आजारी बाईचा हात वाटेना. आरती म्हणता म्हणता सोनीबाईने वळून पाहिलं, आणि तिचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

"वयनी," ती घरी आल्यावर म्हणाली, "ह्ये दुखणं न्हाई. ह्ये वारं हाय. देवीचं वारं."

"कशाचं वारं, वन्सं. डॉक्टर म्हन्ले गुठळी व्हती."

"गुठळीनं हात खाली पडतो. वर जातो व्हय?"

गोजरबाईने डावा हात पदराखाली घेतला.

वांड हा शब्द घराबाहेर फारसा गेला नव्हता. वारं हा शब्द मात्र वाऱ्यासारखाच गेला. बायका येऊ लागल्या. ओसरीवर बसायच्या, हळदकुंकू लावायच्या. गोजरबाई डोळे मिटायची, कारण त्या तशा बघत असताना तिला लाज वाटायची. डोळे मिटले की हात नाहीसा व्हायचा. फक्त आवाज ऐकू यायचे. "उठला... आला, आला... माझ्याकडं आला." मग कुठूनतरी हुंदका. खरं सांगायचं तर त्या अंधारात तिला बरंही वाटायचं. जन्मात कुणी तिची अशी वाट पाहिली नव्हती.

रुपाली आतून म्हणायची, "देव आला तरी च्या मलाच करायला लागतो."

त्या बायकांत शिनोलीची एक होती. इंद्रायणी तिचं नाव, सोनीबाईची शेजारीण, पस्तिशीच्या आतबाहेरची. सोनीबाईनेच फोन करून बोलावलं होतं. बाकीच्या पुढे बसायच्या, ही गोजरबाईच्या मागे खांबाला लागून बसली. हात फिरत फिरत तिच्या डोक्यावर गेला आणि थांबला. बोटं केसांत रुतली. बायका म्हणाल्या, "माग, माग काय मागायचं ते." इंद्रायणीने काहीच मागितलं नाही. मान खाली घालून ती तशीच बसून राहिली, आणि शेवटी सोनीबाईने येऊन बोटं सोडवली तेव्हा उठून गेली.

मग एक दिवस एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या पोटाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तिने त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "आई, उजव्या खांद्याला हात लागला तर ऑपरेशन करू. डाव्याला लागला तर न्हाई करायचं."

गोजरबाईने डोळे उघडले. समोर एक वाळलेला, भ्यालेला माणूस बसला होता आणि तिच्या हाताकडे बघत होता. हात हवेत होता. तो कुठे उतरेल ते तिलाही ठाऊक नव्हतं. उजव्या हाताने तिने डावा खाली ओढला आणि दोन्ही मांड्यांमध्ये दाबून धरला.

"ह्याला इचारू नगा," ती म्हणाली. "ह्याला काय बी कळत न्हाई. मला बी न्हाई. डॉक्टर सांगत्यात ते करा, पावणं. उशीर करू नगा."

ती उठून आत गेली. बाहेर गलका झाला. सोनीबाई मागोमाग आली, "वयनी, लोक लांबून येत्यात..." पण गोजरबाईने मान हलवली. "वन्सं, म्या जर त्याला मारला असता तर?" सोनीबाई बाहेर जाऊन बायकांना वाटेला लावून आली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती शिनोलीला गेली. रागाने नाही, पण पुन्हा वाऱ्याचं नाव न काढता.

जुन्नरला बाजारपेठेतल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या वर, हातापायांचे व्यायाम शिकवणारी श्रेया नावाची मुलगी बसायची. डॉक्टरांनी तिच्याकडे पाठवलं होतं. खालून पितळी भांडी ठोकल्याचा आवाज यायचा. श्रेयाने गोजरबाईचा हात आपल्या हातात घेतला, तर त्याने तिचं मनगटच धरलं. तिने सोडवायची घाई केली नाही. तशीच बोलत राहिली.

"आजी, घरी ह्याला काय म्हणता?"

"आमचं ह्ये वांड म्हनायचे. नंदंनं वारं म्हन्लं."

"आणि तुम्ही?"

"मला सबूदच न्हाई घावत," गोजरबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमी काय म्हंता?"

"पुस्तकात अनैच्छिक म्हणतात. म्हणजे तुमच्या इच्छेशिवाय होणारं." गोजरबाईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तसं श्रेयाने दुसरा शब्द शोधला. "अनावर म्हणा. हसू अनावर झालं, रडू अनावर झालं, तसं."

"अनावर," गोजरबाईने म्हणून पाहिलं. रेडिओवर, कीर्तनात कधीतरी तो तिच्या कानावरून गेला असेल, पण आज तिने तो पहिल्यांदा हातात घेतल्यासारखा घेतला. "म्हंजी न आवरलेलं व्हय?"

श्रेया म्हणाली, "हो की. तसंच."

परतीच्या एसटीत गोजरबाई खिडकीशी बसली होती. हाताने पुढच्या सीटची कड धरली होती. धरू दे, उतरायला वेळ होता. ती तो शब्द मनात घोळवत होती. आवर. हा तर तिचा रोजचा शब्द. पहाटे उठली की अंथरुणं आवर. चूल आवर. खळं आवर, पाखरं येतील. लेकरांनो आवरा, गाडी येईल. सासू म्हणायची, तोंड आवर. बाप गेला तेव्हा चुलते म्हणाले, आवर आता, माणसं जेवायची थांबलीत. तिने आवरलं होतं. दोन हातांनी इतकी वर्षं ती आवरतच आली होती, आणि आता त्यातला एक हात बाजूला होऊन म्हणत होता, राहू दे.

न आवरलेलं म्हणजे वाईट नव्हे. खळ्यावर पसरलेलं भात न आवरलेलंच असतं. कड्यावरून उतरणारं धुकं असतं. एसटी वळणं घेत होती, उन्हं तिरपी झाली होती, आणि तिचा हात सीट सोडून हळूहळू वर आला. आज तिने त्याला ओढलं नाही. तो काचेपाशी थांबला आणि बाहेरचे डोंगर त्याच्या बोटांच्या मधून मागे जात राहिले.

श्रेयाने सांगितलेलं ती करू लागली. भांडू नका, त्याच्याकडे बघा, बोला, धरायला काहीतरी द्या. रुपालीने चिंध्यांचा एक मऊ गोळा करून दिला. गोळा मुठीत असला की हात पुष्कळ वेळ शांत असायचा. "चल, आता पानी प्यायचंय, जरा सोड," असं गोजरबाई त्याला म्हणायची. कधी तो सोडायचा, कधी नाही. कुशाबाही येताजाता म्हणायचा, "काय, बरं हाय का?" आणि कुणाला विचारतोय ते दोघांनाही पुरतं कळायचं नाही.

फाल्गुनात इंद्रायणी पुन्हा आली, एकटीच. घोडेगाव, जुन्नर अशा गाड्या बदलत आली होती. पिशवीत सोनीबाईने दिलेले पापड होते. ते रुपालीच्या हातात देऊन ती ओसरीवर त्याच खांबापाशी बसली.

"ते बंद केलं, बाय," गोजरबाई म्हणाली. "त्यात काय न्हाई. निस्तं दुखणं हाय."

"ठावं हाय, मावशी."

"मग?"

इंद्रायणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने सांगितलं. तिची मुलगी संस्कृती दहावीत होती. मागच्या पावसाळ्यात ताप आला. आठवड्याच्या आत गेली. घर मोठं, दीर-जावांचं. सगळे चांगले आहेत. सुरुवातीला सगळ्यांनी धरलं. पण आता आठ-नऊ महिने झाले आणि तिचं रडू थांबत नाही. भाकरी करताना येतं, पाहुण्यांसमोर येतं, लग्नात येतं.

"समदे म्हन्त्यात, आवर आता. मी आवरते. पर ते आवरत न्हाई."

गोजरबाईने तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुमी डोक्यावर हात ठेवला ना," इंद्रायणी म्हणाली. "सगळे ठेवत्यात, मावशी. पर लगी काढत्यात. दोन घडी ठेवत्यात, आन काढत्यात. तुमी काढला न्हाई."

"मला काढता येत न्हाई, बाय. म्या कसली ठेवते. त्यो आपला धरून बसतो."

"व्हय. म्हनूनच आले."

गोजरबाईच्या मुठीत चिंध्यांचा गोळा होता. तिने तो हळूच काढून घेतला. हात जरा वेळ रिकामा राहिला, उठला, हवेत थोडा थबकला. ह्या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. तो इंद्रायणीच्या खांद्याला लागला, केसांवर गेला आणि तिथे बसला.

इंद्रायणी रडली. आधी आवाज न करता, मग आवाज करून. कुशाबा गोठ्याकडून येत होता, तो तसाच मागे फिरला. रुपाली दाराशी आली, पाण्याचा तांब्या ठेवून गेली. ऊन ओसरीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलं. काय बोलायचं हा प्रश्नच गोजरबाईला पडला नाही. हात आपलं काम करत होता आणि ती त्याच्याजवळ बसली होती. मध्येच तिला स्वतःच्या गालावर ओलं लागलं. बाप गेला त्या दिवशी जेवणं वाढायची होती. ते राहिलेलं आज कुठून तरी येत होतं. तिने ते पुसलं नाही.

मग इंद्रायणी शांत झाली. खांबाला टेकून तिला झोप लागली. हात डोक्यावर तसाच होता.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी येऊ लागली. घरी काय सांगून यायची कोण जाणे. कधी रडायची, कधी नुसती बसायची, कधी रुपालीबरोबर हिरडा निवडायची.

हळूहळू उतार पडेल असं डॉक्टर म्हणाले होते, तसं व्हायला लागलं. चैत्र सरता सरता हात सुधारला. आधी बोटं सोडू लागली. मग तो सांगितल्याशिवाय उठेनासा झाला. डोळे मिटले तरी तो कुठे आहे ते तिला कळू लागलं. मांडीवर, जड, ऊबदार. दुपारच्या झापडीत तो माहेरी जाईना. ती एकदा वाट पाहत पडून राहिली, पण विहीर दिसली नाही. श्रेयाने टाळ्या वाजवल्या. कुशाबाने जुन्नरहून पेढे आणले. गोजरबाईने दोन्ही हातांनी भाकरी थापली आणि सगळ्यांनी ती पाहिली.

वैशाखात भाताच्या रोपासाठी पालापाचोळा पसरून राब भाजायला घेतला होता. खाचरांतून निळा धूर उठत होता. तेव्हा इंद्रायणी आली. आल्याबरोबर तिला दिसलं. गोजरबाई दोन्ही हातांनी लसूण सोलत होती.

"बरा झाला?"

"झाला, बाय."

"लई चांगलं झालं," इंद्रायणी म्हणाली, आणि ते तिने मनापासूनच म्हटलं. पण ती खांबापाशी बसली तेव्हा आपले हात कुठे ठेवावेत हे तिला सुचेना.

गोजरबाईने लसूण बाजूला केला. हात पुसले. मग डावा हात तिने स्वतः उचलला. त्याला उचलायला आता ताकद लागत होती. आधी तो आपला आपण जायचा, धुरासारखा. तिने तो इंद्रायणीच्या डोक्यावर ठेवला.

थोड्या वेळाने खांदा भरून आला. मग कोपर दुखू लागलं. एवढ्या दिवसांत हा हात तासन्‌तास तिथे राहिला होता आणि तिला कधी काही जाणवलं नव्हतं. आता काढावा की ठेवावा, हे तिलाच ठरवायचं होतं, आणि प्रत्येक घडीला नव्याने ठरवायचं होतं. बोटं थरथरू लागली. तिने ठेवला.

इंद्रायणीला ती थरथर कळली. तिने वर हात नेऊन गोजरबाईचा हात खाली आणला आणि आपल्या मांडीवर घेऊन चोळू लागली.

"दुखतोय ना?"

"जरासा."

"ऱ्हाऊ द्या, मावशी." ती चोळत राहिली. मग म्हणाली, "संस्कृती ना, अशीच माझी पाठ चोळायची. आन मधीच गुदगुल्या करायची. येकदा म्या अशी उडाले, तर पिठाचा डबाच पडला आमच्या दोघींवर. आमचे दीर दारात आले, तर समोर दोन पांढऱ्या बाया. ते 'अगं आई गं' करून पळाले ते थेट रस्त्यावर."

ती हसली. गोजरबाईला पळणारा दीर दिसला आणि तिलाही हसू आलं. थांबवावं म्हटलं तर जास्तच आलं. दोघी एकमेकींना धरून हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रुपाली आतून आली, विचारू लागली, आणि दोघींपैकी एकीलाही सांगता येईना, म्हणून तीही उगाच हसू लागली. कुशाबा राबावरून राखेने माखून आला होता. त्याला पाहून तर इंद्रायणी जमिनीवरच आडवी झाली.

ह्या सगळ्यात जुन्नरची गाडी निघून गेली. रुपालीने तांदूळ थोडे जास्त धुतले. इंद्रायणीने घरी फोन करून सांगितलं, उद्या येते.

संध्याकाळी गोजरबाई तिला नाणेघाटाच्या बाजूला फिरायला घेऊन गेली. पर्यटकांच्या गाड्या परतल्या होत्या. दोघी कड्यापासून जरा मागे, तापलेल्या दगडावर बसल्या. खालून वारा वर येत होता आणि दोघींचे पदर उडवत होता. खूप खाली कोकण होतं, निळं, वितळल्यासारखं. बघता बघता तिथे एकेक दिवा लागू लागला.

"कंचं गाव हाय ते, मावशी?"

"काय ठावं. जन्म गेला हितं, पर म्या कधी खाली उतरलेच न्हाई."

इंद्रायणी गुडघ्यांवर हनुवटी टेकवून दिव्यांकडे पाहत राहिली.

"जायचं का येकदा?" ती म्हणाली.

गोजरबाईने वाट कुठून उतरते ते बोटाने दाखवलं. आता काळोखात ती दिसत नव्हती, पण होती.